आत शिरणारी हवा

मीटरच्या काचेआड इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. चावी फिरवली की इतर दिव्यांबरोबर तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. जुनी गाडी बघायला जाणाऱ्याने टायर, पत्रा, सीट हे सगळं नंतर बघावं. आधी चावी फिरवून हा दिवा लागतो की नाही ते बघावं. जुन्या बाजारात अशा गाड्या असतात, ज्यांचं मीटर कुणीतरी उघडलेलं असतं आणि या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून परत बसवलेलं असतं. लागून राहिलेला दिवा परवडला. जो मुळात लागतच नाही, तो घेणाऱ्याला बुडवतो.

दादाच्या पिकअपचा दिवा लागला तो ऐन एप्रिलात, करूळ घाटात, हौदा आंब्याच्या पेट्यांनी भरलेला असताना. देवगडहून कोल्हापूरला जायचं तर वैभववाडी सोडली की हा घाट लागतो आणि गगनबावड्यापर्यंत गाडीला दम मिळत नाही. आमच्याकडचा माल रात्रीच निघतो. दिवसा ताडपत्रीखाली भट्टी होते आणि झाडावरून उतरवलेला हापूस कुणासाठी थांबत नाही, पेटीतल्या पेंढ्यात तो आपला पिकतच राहतो. मार्केट यार्डात सौदे निघतात त्या वेळी गाडी तिथे उभी हवी. उशीर झाला तर माल तोच राहतो, भाव मात्र दुसरा लागतो. म्हणून आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे गाडीच्या तब्येतीची चौकशी माणसांच्या आधी होते.

“बाय, गाडी घाटात वढणा नाय,” दादा फोनवर म्हणाला. दिव्याचं त्याने त्यानंतर सांगितलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वी ज्या वळणावर दुसऱ्या गिअरवर गाडी निघून जायची, तिथे आता पहिला टाकावा लागत होता. सकाळी सेल्फ लांबत होता. घाट चढून गाडी थांबवली, चहा घेतला आणि परत चावी मारली, की गरम इंजिन लगेच पकडत नव्हतं. शिमग्यापासून हे चालू होतं, दादाला ते पायातून आणि कानातून कळत होतं. दिवा मात्र एवढे दिवस गप्प होता.

तो गप्प का होता, हे समजून घेतल्याशिवाय जुन्या गाडीचं दुखणं समजत नाही असं माझं मत झालं आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. दाब, पोकळी, पृष्ठभाग हे शब्द रोज फळ्यावर लिहिते. पण त्यांचा एकमेकांशी एवढा जिवंत संबंध मी त्या उन्हाळ्यातच पाहिला.

दादाची पिकअप बीएस-फोर या धुराच्या नियमांप्रमाणे बनलेली. देशभर ही अट लागू झाली १ एप्रिल २०१७ पासून, आणि गाडी घेतली ती त्यानंतर लगेच. आता मीटर तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. अशा डिझेल गाडीत टाकीतलं डिझेल आधी रबरी नळ्यांमधून फिल्टरपर्यंत येतं, तिथे त्यातलं पाणी आणि कचरा खाली बसतो, मग ते पंपात जातं. पंप त्याला दाबून एका जाड पोलादी नळीत भरतो. तिला रेल म्हणतात. या रेलमधून चारही इंजेक्टरना डिझेल मिळतं. गाडी उभी असताना, निवांत चालू असताना, रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार दाब असतो. घाटात पाय दाबला की तो हजाराच्या पुढे जातो, आणि अशा यंत्रणांची कमाल पातळी सोळाशे बारच्या आसपास असते. पिकअपच्या मागच्या टायरात चार-पाच बार हवा असते, यावरून हा आकडा किती मोठा ते लक्षात यावं. एवढा दाब लागतो, कारण इंजेक्टरच्या टोकाची भोकं मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढी असतात. त्यांतून डिझेलची बारीक वाफेसारखी फवारणी झाली तरच ते नीट जळतं. दाब कमी पडला की थेंब मोठे होतात, अर्धे जळतात, उरलेले काळा धूर होऊन बाहेर पडतात.

रेलवर एक सेन्सर असतो. तो सेकंदाला कितीतरी वेळा दाब मोजून इंजिनाच्या संगणकाला कळवतो. संगणकाने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत फरक दिसला, की पंपाच्या तोंडाशी बसवलेली झडप तो थोडी जास्त उघडतो. फरक पुन्हा वाढला, की पुन्हा थोडी. फिल्टर तुंबत चालला, पंप झिजत चालला, तरी हे चालूच राहतं. घरात कमी पडत असताना कर्ती बाई इकडचं तिकडे करून सगळ्यांची ताटं भरलेली दाखवते, तसं हे चालतं. जेवणाऱ्यांना पत्ताच लागत नाही. मग एक दिवस झडप पूर्ण उघडली तरी दाब पुरत नाही. सावरून घेण्याची सोय संपते. त्या क्षणी दिवा लागतो, आणि गाडीला आणखी इजा होऊ नये म्हणून संगणक इंजिनाची ताकदही कमी करतो. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. पेट्रोलच्या गाड्यांतही हेच होतं. तिथे धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर बघून संगणक पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, आणि ही भरपाई ठरावीक मर्यादेबाहेर गेली की दिवा लावतो.

म्हणजे दिवा लागणं ही आजाराची सुरुवात समजू नये. आजार झाकण्याची ताकद संपली, एवढंच त्यातून कळतं.

हा दिवा मुळात गाडीच्या मालकासाठी केलेलाच नव्हता. लॉस एंजेलिस शहरावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून डोळे झोंबवणारं धुकं साचू लागलं होतं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले डच रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं, की मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या वाफांवर ऊन पडून हे धुकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्याच मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून, गाडीने स्वतःच्या धुराशी संबंधित भागांवर लक्ष ठेवावं आणि बिघाड दिसला तर दिवा लावावा, अशी सक्ती आणली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत नव्या मोटारींना एकाच पद्धतीचे कोड आणि सोळा पिनांचा एकाच आकाराचा सॉकेट बंधनकारक झाला. आपल्याकडे हेच बीएस-फोरच्या नियमांबरोबर आलं. म्हणून ब्रेकचे लायनर संपत आले तरी हा दिवा लागत नाही आणि काही पेट्रोल गाड्यांत नुसतं टाकीचं झाकण सैल राहिलं तरी लागतो. त्याला धुराची आणि वाफेची काळजी आहे. शहरातल्या माणसांच्या फुप्फुसांसाठी लावलेला तो दिवा आहे, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. आंबा पिकवणाऱ्याच्या गाडीत आंबा खाणाऱ्याच्या श्वासाचा विचार केलेला आहे.

पण घाटात अडकलेल्या माणसाला हा इतिहास सांगून उपयोग नाही. त्या रात्री दादा पहिल्या गिअरवर रडतखडत वर आला. सकाळी माल उतरवून तो रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गेला. तिथे स्कॅनर लावला, कोड आला पी००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी. मेकॅनिकने कोड वाचला आणि पंप गेला म्हणून सांगितलं. पंपाबरोबर चारही इंजेक्टर बदलून घ्या, नाहीतर नव्या पंपाची खात्री देणार नाही, असंही सांगितलं. आणि दिवा घालवण्यासाठी बॅटरीची वायर काढून परत जोडली.

ही शेवटची गोष्ट ऐकून मला जो राग आला तो अजून ताजा आहे. दिवा लागतो त्या क्षणी संगणक एक नोंद करून ठेवतो: इंजिनाचे फेरे किती होते, लोड किती होता, पाणी किती तापलं होतं, गाडीचा वेग किती होता. दुखणं घाटात होतं, गरम झाल्यावर होतं, की सकाळी थंड असताना होतं, हे त्या नोंदीवरून कळतं. बॅटरीची वायर काढली की बऱ्याच गाड्यांत ती नोंद पुसली जाते. दिवा विझतो, गाडी बरी झाल्यासारखी वाटते, आणि पुढच्या चढाला पुन्हा तेच. कोड पुसायचा असेल तर आधी तो आणि त्याच्याबरोबरची नोंद कागदावर उतरवून घ्यावी. ज्याच्या गॅरेजमध्ये हे लिहून घेत नाहीत, तिथे गाडी देऊ नये.

आणि पी००८७ हा पंपाचा कोड नाहीच. दाब कमी असल्याची ती तक्रार आहे, आणि तक्रार जिथे नोंदवली जाते तिथेच गुन्हा घडलेला असतो असं नाही. फिल्टर तुंबला तरी हा कोड येतो. टाकीतली जाळी चिखलाने भरली, झडप अडकली, इंजेक्टर झिजून डिझेल परत सोडू लागले, रेलचा सुरक्षा व्हॉल्व्ह गळू लागला, सेन्सर खोटं सांगू लागला, त्याच्या कपलरला गंज चढला, तरी कोड हाच. यातली पहिली दुरुस्ती काही शे रुपयांत होते आणि पंप-इंजेक्टरचं बिल एका हंगामाचा नफा खाऊन टाकतं. एवढं अंतर असताना कोड वाचून पार्ट मागवणं मला अन्यायाचं वाटतं.

दादाला मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात घेऊन गेले. हा भाग इंजिनांचा. फाउंड्र्या, लेथ, पंप कॅलिब्रेशनची दुकानं, लोखंडाचा कीस आणि डिझेलचा वास. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांच्या काळापासून इथल्या माणसांच्या हाताला डिझेल लागलेलं आहे. ज्यांच्याकडे गेलो त्या मिस्त्रींनी आधी बोनेट उघडलंच नाही. दादाला बाकावर बसवलं आणि विचारलं, गाडी कधी ओढत नाही, सकाळी की चढाला? सेल्फ लांबतो तो रात्रभर उभी राहिल्यावर की गरम असताना? डिझेल कुठे भरता? टाकी कितपत रिकामी होऊ देता? फिल्टर कधी बदलला? दादा एकेका प्रश्नाला थांबून, आठवून उत्तर देत होता. थंड असतानाही आणि गरम असतानाही सेल्फ लांबतो, हे ऐकल्यावर मिस्त्री क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “म्हंजे दोन गोष्टी असत्याल. एकानं एवढं हुत न्हाई.”

मग स्कॅनर लावला, पण कोडसाठी नाही. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन आकडे शेजारी शेजारी लावून त्यांनी गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली. दोन्ही जुळत होते. पाय दाबला तसा मागितलेला आकडा वर गेला आणि मिळालेला मागे रेंगाळला. हळूहळू चढून गाठायला आला, पुन्हा मागे पडला. तो एकसारखा कमी नव्हता, तो लडखडत होता. त्यांनी दादाकडे वळून सांगितलं, की झिजलेला पंप असा वागत नाही, तो सरळ कमी देतो. असं हेलकावे खाणारं प्रेशर म्हणजे पंपाला मधूनमधून डिझेलऐवजी दुसरंच काही मिळतंय.

फिल्टरच्या तळाचा ड्रेन त्यांनी काचेच्या बरणीत उघडला. डिझेलखाली पाण्याचा बोटभर थर बसला, आणि पाण्याच्या तळाशी काळपट गाळ. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली तर आतल्या पत्र्याला घाम सुटतो, त्याचं हे पाणी. दादाला त्यांनी तेवढंच सांगितलं, की रात्री गाडी लावताना टाकी भरून लावत जा. फिल्टर बदलला. आकडे थोडे सुधारले, लडखडणं थांबलं नाही.

पुढे जे केलं ते मी शाळेतल्या मुलांना आता दरवर्षी सांगते. फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी रबरी नळी काढून त्यांनी तिथे पारदर्शक नळीचा एक तुकडा बसवला. गाडी चालू केली. आतून सोनेरी डिझेल वाहताना दिसू लागलं आणि त्यात बुडबुडे. मोठे नाहीत, मोहरीच्या दाण्याएवढे, एकामागोमाग एक, पंपाकडे पळणारे. पाय दाबला की ते वाढत, सोडला की विरळ होत. मी वाकून बघत राहिले. त्या नळीत काय चाललंय ते दिसत होतं म्हणून कळत होतं; काळ्या रबरातून हे कुणालाही दिसलं नसतं.

आपण गळती शोधायची म्हणजे ओलं शोधतो. बोट फिरवतो, गाडीखाली डाग पडलाय का बघतो. पण टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग ओढून घेण्याचा आहे. पंप डिझेल खेचतो म्हणून त्या नळ्यांमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. अशा नळीला बारीक चीर गेली तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ. रात्री गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा आत येते आणि नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ लांबतो. घाटात पंप जास्त खेचतो म्हणून जास्त हवा शिरते, म्हणून ओढ कमी होते. दादाने सांगितलेली दोन लक्षणं एकाच चिरेला येऊन मिळाली. शिवाय अशा पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेलच त्याचं वंगण. हवा गिळत राहिलेला पंप आतून खरचटतो, त्याचा धातूचा कीस रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये जातो, आणि मग खरोखरच सगळं बदलावं लागतं. त्या रस्त्यावरच्या गॅरेजच्या सल्ल्याने नवा पंप बसवला असता, तर त्या नव्या पंपानेही हीच हवा गिळली असती.

चीर शोधायला त्यांनी स्वच्छ डिझेलचा एक कॅन बोनेटशेजारी टांगला आणि फिल्टरला टाकीऐवजी त्या कॅनमधून नळी दिली. बुडबुडे थांबले. म्हणजे फिल्टर आणि त्याच्या पुढचं सगळं ठीक, दोष टाकीकडच्या बाजूला. मग एकेक जोड मागे मागे जात तपासला. फिल्टरमध्ये शिरणाऱ्या नळीचं टोक इंजिनाच्या उष्णतेने कडक झालं होतं. क्लिप आवळलेली होती, पण रबरात आता धरून ठेवण्याएवढा जीव उरला नव्हता. ते टोक त्यांनी दोन बोटांत वाकवून दाखवलं तेव्हा त्यावर नखाएवढ्या भेगा उघडल्या. वीतभर नळी आणि दोन क्लिपा. हॅन्ड पंपाने फिल्टर भरेपर्यंत डिझेल चढवलं, एअर काढली, गाडी सुरू केली. पारदर्शक तुकड्यात डिझेल एकसंध वाहू लागलं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुन्या ऑइल इंजिनाची एअर काढताना आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक नोझलच्या पाइपचा नट पान्याने सैल करायचे. मिसिंग कुठल्या सिलिंडरला आहे ते पाहायलाही तसंच. तो हात अजून अनेकांच्या अंगात आहे. या गाड्यांत ते कधीही करू नये. हजार बार दाबाच्या डिझेलची धार कातडी भेदून मांसात शिरते, बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आतून हात कामातून जातो. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना गाठायचा असतो. मिस्त्रींच्या दुकानात शिकणाऱ्या पोराला हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं, आणि पाइपला हात लावण्याआधी गाडी बंद करून दाब उतरेपर्यंत त्याला थांबवतात.

हवेचा प्रश्न मिटला तरी गरम असताना लांबणारा सेल्फ राहिला होता. दुसरी गोष्ट अजून सापडायची होती. चारही इंजेक्टरच्या डोक्यावरच्या बारीक परतीच्या नळ्या काढून तिथे त्यांनी सलाइनच्या नळ्या जोडल्या आणि चार सारख्या बाटल्यांत सोडल्या. इंजेक्टर थोडं डिझेल परत सोडतोच, पण झिजलेला जास्त सोडतो, आणि तापून पातळ झालेलं डिझेल तर झिजलेल्या फटीतून आणखीच सहज निसटतं. गरम इंजिनाला सेल्फ मारताना रेलमध्ये ठरावीक दाब भरल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत. एकजण परत सोडत राहिला तर तो दाब भरायला वेळ लागतो. इंजिन गरम करून काही मिनिटं चालवलं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत डिझेल जवळजवळ एका रेषेत होतं. तिसरीत त्याच्या दुप्पट.

तर अशी ती जुनी गाडी. तुंबलेला फिल्टर, कडक झालेली वीतभर नळी, एक थकलेला इंजेक्टर. यातलं कुठलंही एक असतं तर संगणकाने सांभाळून घेतलं असतं आणि दादाला फक्त थोडी ओढ कमी वाटली असती. तिन्ही मिळून, एप्रिलच्या गरमीत, भरल्या हौद्याने, करूळच्या चढाला ते सांभाळून घेता आलं नाही. नव्या गाडीत बिघाड बहुधा एकच असतो आणि तो ठळक असतो. जुन्या गाडीत दोष भागाभागांत थोडा थोडा वाटला गेलेला असतो, म्हणून तिथे एकच गुन्हेगार शोधणारा मेकॅनिक हमखास फसतो आणि गिऱ्हाइकालाही फसवतो. मिस्त्रींचं कौतुक मला एवढ्यासाठी आहे, की पहिलं कारण सापडल्यावर ते थांबले नाहीत, आणि दुसरं सापडल्यावर त्यांनी घाई केली नाही.

कारण तिसरा इंजेक्टर त्यांनी त्या दिवशी काढला नाही. दादाने विचारलं, आत्ताच बदलून टाकू या का. मिस्त्री म्हणाले, “तुमचा आंबा हाय तोवर हिला हात लावू नगा. हवा बंद झाल्या, आता घाट चढल. गरम असताना बंद करू नगा एवढंच. पाऊस लागला की या.” हंगामात गाडी दोन दिवस उभी राहण्याचा खर्च त्यांनी आमच्याऐवजी मोजला होता. पार्ट विकून जे मिळालं असतं, ते त्यांनी सोडून दिलं.

आंबा निघाला. पाऊस लागल्यावर दादा गाडी घेऊन परत गेला, तेव्हा मीही गेले. चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावले. तीन मापात होते, तिसरा नव्हता. नवा आला तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या डोक्यावर कोरलेली अक्षरं-आकड्यांची बारीक ओळ भिंगातून वाचून दाखवली आणि पोराने ती स्कॅनरवर टाइप केली. कारखान्यात प्रत्येक इंजेक्टर तपासताना तो मापापेक्षा किती कमी-जास्त फवारतो हे मोजतात आणि तेवढी दुरुस्ती त्या ओळीत लिहून ठेवतात. ती संगणकाला सांगितली नाही, तर संगणक नव्या इंजेक्टरकडूनही जुन्याच्या हिशोबाने काम घेतो. नवा पार्ट बसवूनही गाडी थरथरते, धूर सोडते, आणि मग पार्टच खराब आहे म्हणून भांडणं होतात. त्या दुकानात ही ओळ दोनदा वाचून, दोनदा तपासून मगच नोंदवतात.

मिस्त्रींना दुकानासमोरची चाचणी मान्य नव्हती. दुखणं घाटातलं, तर तपासणीही घाटातच. दादाने गाडीत जांभ्याचे चिरे भरले, मिस्त्री स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसले आणि करूळ खालून वर चढले. मागितलेला दाब तेराशेच्या घरात गेला तेव्हा मिळालेला त्याच्या अगदी लगत होता. वर आल्यावर गाडी मुद्दाम बंद केली, थांबले, परत चावी मारली, लगेच पकडली. मग त्यांनी दादाच्या पेट्यांच्या वहीत मागच्या पानावर तीन रकाने आखून दिले: उभ्या गाडीतला दाब, चढाला मागितलेला आणि मिळालेला दाब, आणि ड्रेनमधून निघालेलं पाणी. ऑइल बदलायला आणाल तेव्हा हे भरून घ्यायचं, म्हणाले. दुसऱ्या रकान्यातलं अंतर वाढायला लागलं की दिव्याची वाट बघत बसायचं नाही, गाडी घेऊन यायचं.